गेल्या वर्षीचं कॅलेंडर

दादा,

दूध तापवलंय, निवलं की फ्रिजमध्ये ठेवायला वहिनीला सांग. मी मैत्रिणीकडे चाललेय. फोन करू नकोस.

यंदाचं कॅलेंडर कपाटामागे सापडलं. म्हणजे दर पौर्णिमेला माझं दुखणं वाढतं, हे खोटं पाडून मला वेड्यात काढायला भिंतीवर तू मुद्दाम गेल्या वर्षीचं लावलंस! जनावरांच्या दवाखान्यात काम करताना ती गोचीड चावली, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नसतं. वार जुळत नाहीत, एवढंसुद्धा लक्षात आलं नाही. काल पौर्णिमा समजून मी गुडघे धरून पडले, पोटात जंत वळवळताहेत म्हणून रडले, आणि खरी पौर्णिमा अकरा दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. जिंकलास. आत्याला फोनवर सगळं रंगवून सांगताना तू किती हसलास, तेही मी पलीकडच्या खोलीत ऐकलं.

चंद्राचं माझं चुकत असेल. डॉक्टरीणबाईही तेच म्हणतात. पण काल मला एकशे दोन ताप होता. एवढा खटाटोप केलास, तर येऊन एकदा कपाळाला हात लावायला काय झालं होतं?

थर्मामीटर तुझ्या उशाशी ठेवलाय. पुढची परीक्षा त्याने घे.