अर्ध्या दिवसाचा खासदार

प्रिय निशाणबहाद्दर,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस ना? दचकू नकोस. तुझा पत्ता मी तुझ्या बहिणीकडून उकळला. आधी ती ताकास तूर लागू देईना. मग तिच्या जाळ्यांच्या दोराचा भाव जरा उतरवला, तशी बाईसाहेबांची जीभ सैल झाली. हो, वडिलांचं दोरखंडाचं दुकान आता मीच चालवते. तोच डांबराचा वास, तोच चिकट गल्ला, आणि खुर्चीत बसून गिऱ्हाइकांवर डाफरणारी मी. तू एकदा इथे परत यावंस म्हणून हे लिहितेय. का यावंस, ते शेवटी सांगेन. तोवर पत्र खाली ठेवायचं नाही, सांगून ठेवते.

बातमी अशी की आपला मतदारसंघ आपल्याला परत मिळाला! तू गेल्यावर काही वर्षांनी कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि आपलं गाव त्या आतल्या मोठ्या शहराला जोडून टाकलं. तेव्हापासून आपला खासदार म्हणजे ज्याने समुद्र फक्त हॉटेलच्या खिडकीतून पाहिलाय असा माणूस. बोटींच्या डिझेलचं बोलायला गेलं की तो रस्त्यावरच्या दिव्यांचं सांगायचा. आता नव्याने रेघ ओढली, आणि गाव पुन्हा स्वतःच्या नावाने मत देणार. त्या दिवशी मी दुकानात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला. कंजूष म्हणून माझी ख्याती आहे, त्यामुळे लोकांनी तोंडात बोटं घातली.

हल्ली नातवंडं विचारतात, आजी, पूर्वी कसं होतं गं? मग मी सुरू होते. सुरुवातीला मत फक्त गोदामवाल्यांना आणि जहाजमालकांना, सगळे मतदार सभागृहाच्या एका खोलीत मावायचे. पुढे सगळ्यांना मत मिळालं. माझ्या आजीने पहिलं मत नवऱ्याच्या नाकावर टिच्चून दुसऱ्यालाच दिलं आणि घरी येऊन ते सांगितलंही. पण पोरांना आवडतो तो निशाणाचा भाग. निकालाच्या दिवशीही बोटी समुद्रातच असायच्या, पोट काही निकालासाठी थांबत नाही. म्हणून मतमोजणी व्हायची त्या सभागृहाच्या गच्चीवरून शिपाई पांढरं फडकं हलवणार, ते बघून बंदरावरचा निशाणवाला डोलकाठीवर जिंकणाऱ्याचा रंग चढवणार, आणि बोटींवर लांबूनच कळणार कोण आलं. फडकं उजवीकडे तर निळं, डावीकडे तर पिवळं. तू गाव सोडलंस त्या वर्षी निळे माझे वडील, पिवळा जहाजमालकाचा मुलगा, आणि निशाणवाला तू.

जुना शिपाई बंदराकडे पाठ करून फडकं हलवायचा, म्हणजे त्याची उजवी ती तुझी उजवी. त्या वर्षी नवा शिपाई आला. त्या बापड्याला कुणी काही सांगितलंच नाही, तो तुझ्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याने त्याच्या डावीकडे हलवलं, तुला ते तुझ्या उजवीकडे दिसलं. तू निळं चढवलंस. झालं! सगळ्या बोटी भोंगे वाजवत आत आल्या. लोकांनी वडिलांना उचलून मासळीच्या खोक्यावर उभं केलं. मी इतकी रडले की आईने मला गप्प करायचं सोडून स्वतःच पदर डोळ्यांना लावला. तेव्हा वडिलांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की बंदरात लाटा अडवणारी भिंत होईल, यापुढे वादळात कुणाची बोट धक्क्यावर आपटून फुटणार नाही.

संध्याकाळी खरा निकाल आला. तू निळं उतरवून पिवळं चढवलंस ते मी दुकानाच्या दारातून पाहिलं. लोक म्हणाले, होणाऱ्या सासऱ्यासाठी मुद्दाम केलं. आणि तू, वेड्या, एका शब्दानेही न बोलता पहिल्या जहाजाने धूम ठोकलीस. मला न भेटता! त्याचा राग मला अजून आहे, खोटं कशाला बोलू. पुढे लग्न केलं मी, भल्या माणसाशी केलं, सुखाने नांदले. तो जाऊनही आता बराच काळ लोटला.

पण पुढचं तुला ठाऊक नाही, आणि तेच तुला सांगायचंय. वडिलांना गावाने नाव ठेवलं, अर्ध्या दिवसाचा खासदार. पोरं मागून ओरडायची. आई संतापायची, वडील मात्र टोपी काढून पोरांना नमस्कार करायचे. म्हणायचे, शब्द काय खासदाराने दिला होता? मी दिला होता. मग त्यांनी कचेऱ्यांमध्ये चपला झिजवल्या. जिंकलेल्याच्या दारातसुद्धा जाऊन बसायचे, तो कंटाळून सही करीपर्यंत. अखेर भिंत झाली. गेल्या वादळात एकही बोट फुटली नाही. तिला सगळे अर्ध्या दिवसाची भिंत म्हणतात, आणि आता त्या म्हणण्यात थट्टा नसते. वडील शेवटच्या आजारात मला म्हणाले, तो पोरगा भेटला तर सांग, त्याचं निशाण चुकलं नसतं तर मी हरून गप घरी बसलो असतो. हे सांगायला मी फार उशीर केला, पण तूही कुठे लपून बसलास ते कळायला नको?

आता ऐक, तुला का बोलावतेय ते. नव्या मतदारसंघातून मी उभी राहतेय. या वयात, गुडघे कुरकुरत असताना, निळ्या रंगावरच. हल्ली बोटींवर फोन असतात, निशाणाची कुणाला गरज नाही, पण डोलकाठी जागेवर आहे आणि वडिलांनी जपलेलं ते निळं निशाण माझ्या कपाटात आहे. ते तूच चढवायचंस, गावासमोर, ताठ मानेने. मी जिंकेनच, त्याची काळजी नको. आणि समजा हरलेच, तरी निळंच चढव. अर्धा दिवस राहू दे वर. आम्हा बापलेकींना तेवढा पुरतो.

अजून रागावलेली, तरीही तुझीच,
दोरखंडवाली