इंजिनाच्या तोंडावरचा तवा

कलकत्ता,
९ फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप आबांना हिलालचा परमुलखातून साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. खोकला आता फक्त सकाळीच येतो. तुमचे गुडघे कसे आहेत?

भुसावळला तुम्ही ज्यावर फिटर होतात, त्या जातीचं एकही इंजिन उरलं नाही. म्हणून इथं आमच्या कारखान्यात प्रदर्शनासाठी नवं बनवतायत. नकाशे हरवलेत, सगळं एका फोटोवरून चाललंय. तीन साहेब आहेत. बॉयलरची धग एकानंही अंगावर घेतलेली नाही, पण अक्कल पाजळायला तिघं पुढे.

फोटोत इंजिनाच्या तोंडावर गोल चकती दिसते. एक म्हणतो हवेसाठी, दुसरा म्हणतो वजन तोलायला. चार दिवस भांडले आणि शेवटी तिचा नकाशा काढला, कडेच्या टवक्यासकट!

आबा, तो मायचा भाकरीचा तवा! इंजिनाच्या पुढच्या दाराला भोक पडलं तेव्हा तुम्हीच घरून उचलून ठोकला होता. "मना तवा कोठे शे?" म्हणून तवा शोधत मायनं आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

असल्यांना काय सांगायचं? फोटोखाली गोऱ्या साहेबाचं नाव आहे, तुमचं नाही.

चकती मात्र मीच मागून घेतली आणि माझ्या हातानं ठोकली. बाकीचं इंजिन खिळखिळं झालं तरी ती निघायची नाही.

मायला सांगा, तवा सापडला.

तुमचा,
हिलाल