तेवीस घरांवरचे गेरूचे गोल

मी, गिरजाबाई इश्वर शहारे, वय एकसष्ट, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, स्वतःच्या हातानं आणि राजीखुशीनं लिहून ठेवते की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. पवनीच्या अर्जनवीसांनी मसुदा करून दिला होता. त्यात सगळं होतं, फक्त मी नव्हते. म्हणून हा माझा मी लिहिला. यजमान वारले त्याला सतरा वर्षं झाली. मूलबाळ नाही.

कलम एक. सन १९७७ साली मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात लिहिलं होतं की, माझा धाकटा भाऊ कवडू रामटेके याला माझ्या घरातली फुटकी घागरही मिळू नये व माझ्या मयतीला त्याला बोलावू नये. ते मृत्युपत्र मी रद्द करते. का, तेही लिहिते. ज्या वस्तीसमोर मी त्याचं नाव घालवलं, तिच्यासमोरच हा कागद वाचला जावा.

कवडू मलेरियाच्या खात्यात होता. घरोघरी फिरून ताप विचारायचा, बोट टोचून काचेवर रक्त घ्यायचा आणि दाराशेजारी भिंतीवर गेरूनं तारीख टाकायचा. सन १९७६ च्या धानाच्या रोवणीत काही घरांवर त्यानं तारखेखाली गोल काढले. त्या वर्षी नसबंदीचं काय चाललं होतं, ते ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. आम्हा शिक्षकांनाही माणसं आणायचा कोटा होता. याद्या खऱ्या होत्या, जीपगाड्या खऱ्या होत्या. मी गोल मोजले. तेवीस घरं, त्यांपैकी एकोणीस घरांत तीन किंवा जास्त लेकरं. मी गणिताची बाई. मला आणखी काय पाहिजे होतं?

इथं माझी बाजू मांडते. मृत्युपत्र माझं आहे. मी आमच्या वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली बाई. दोन वर्षांत माझ्या तीन बदल्या झाल्या, तेव्हा सगळे म्हणाले, योगायोग आहे. मी कागद शोधून काढला. हेडमास्तरांनीच लिहून पाठवलं होतं. शाळेतला माझा पाण्याचा पेला दर महिन्याला हरवायचा, तोही म्हणे योगायोग. संशय घेतला म्हणून मी टिकले. दहांपैकी आठ वेळा तो खरा निघाला, मग उरलेले दोन कोण तपासत बसतं! साध्या माणसाला संशय येतो आणि जातो, त्याला पुरावे जुळवता येत नाहीत. मला येत होते, हीच आफत झाली. आणि लाज सोडून सांगते, त्यात गोडीही होती. सगळं गाव भोळं, एकटी गिरजाच काय ती शहाणी!

विहारातल्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, "हा माझा भाऊ नाही, नसबंदीवाल्यांचा दलाल आहे." कवडू म्हणाला, "बाई, आयकून तं घे." मी ऐकलं नाही. एका प्रश्नाचं काम होतं. पण ज्याच्यावर संशय, त्यालाच काय विचारायचं, असा माझा शहाणपणा. शिकलेली बाई बोलली म्हणून लोकांनी गोल शेणानं सारवून टाकले आणि बोटं टोचून घेणं बंद केलं. केशवराव गजभिये यांनी त्याच्या सायकलची हवा सोडली.

कार्तिकात तापाची साथ आली. मीही अंथरूण धरलं. कवडू गोळ्या घेऊन दाराशी आला, त्या मी अंगणात भिरकावल्या. त्यानंतर तो बदली मागून वरठीला गेला, तो गेलाच. मी भुईनिंबाचा काढा प्याले आणि आठवड्यात उठून बसले. हा माझा सर्वांत मोठा पुरावा. नुसत्या काढ्यानं ताप जातो, तर मग गोळ्या कशासाठी वाटतात? यावर मी अकरा वर्षं वह्या भरल्या.

कलम दोन. माझी नणंद धुरपता माझ्याजवळच राहते. तिला अक्षरओळख नाही. यंदा पौषात आम्ही दोघी अंगणात तांदूळ निवडत होतो. नवीन नर्सबाई आल्या होत्या, त्यांना मी काढ्याचा महिमा सांगत होते. धुरपता हसायला लागली. इतकी हसली की सूप पालथं झालं.

"वयनी, आता लपवून काय करू? तू फेकलेल्या गोळ्या म्याच येचल्या न तुया काढ्यात घोटल्या. काढा बी कडू, गोळी बी कडू. तुले काय समजते!"

"आणि बाकीची वस्ती?"

"कवडूनं जातानी डबाच देला होता माह्यापाशी. साऱ्यायले काढा कोण पाजत होतं मंग?"

दोन दिवस मी तिच्या हातचा चहासुद्धा प्याले नाही. तिसऱ्या दिवशी चूल पेटवता पेटवता एकदम हलकं वाटलं. कोणी माझ्या मागावर नव्हतं! पोस्टमन उशिरा आला तर तो नुसता उशिरा आला होता. शेजारची म्हातारी खाकरली तर तिला खोकला होता. माय व माय, केवढं ओझं वाहिलं मी फुकटचं! चुकल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

मी एसटी धरून वरठीला गेले. कवडूला विचारलं, "ते गोल कशाचे होते रे?"

"घर बंद, पुन्हा येणे," तो म्हणाला. "रोवणीचे दिवस, बाई. ज्यायच्या घरी खाणारी तोंडं जास्त, ते नवराबायको दोघंबी धानाच्या बांधीत. दुपारी कुलूप."

माझा हिशेब बरोबर होता, अर्थ तेवढा माझ्या पदरचा होता. मी त्याचे पाय धरायला वाकले, तर त्यानं हात धरला. "माफ केलं व बाई. पण कोंढ्यात नाही येत मी. त्या विहारातून मान खाली घालून निघालो होतो."

कलम तीन. राहतं घर मी कवडूला देणार होते. हा कागद वैशाख पौर्णिमेला विहारात वाचून सही करणार, त्यानं साक्षीला यावं, असं मी त्याला कळवलं. अर्जनवीस म्हणाले, ज्याला मिळतं त्यानं साक्ष घालू नये. तेही मी त्याला लिहिलं. त्याचं कार्ड आलं, "घर धुरपताबाईले दे." येण्याबद्दल एक अक्षर नाही. सबब घर व परसातलं चिंचेचं झाड धुरपताला. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी कोरी ठेवली आहे. सूर्य मावळेपर्यंत ती कोणी भरू नये. त्यानंतर जे होईल ते माझ्या कर्माचं.

कलम चार. अकरा वह्या शाळेच्या कपाटात ठेवाव्या. हुशार मुलांनी त्या जरूर वाचाव्या. त्यांतलं एकही गणित चुकलेलं नाही, हे वाचताना ध्यानात धरावं.

कलम पाच. वर उल्लेखिलेल्या हेडमास्तरांना मी माफ केलेलं नाही. ते खरं होतं.

येणेप्रमाणे वाचून, समजून, विहारात सर्वांसमोर सही केली.

गिरजाबाई इश्वर शहारे
मुक्काम कोंढा, दिनांक १ मे १९८८, वैशाख पौर्णिमा

साक्षीदार पहिला: केशवराव गजभिये, राहणार कोंढा. सही माझ्यादेखत झाली. हवा मीच सोडली होती, हेही खरं.

साक्षीदार दुसरा: कवडू रामटेके, राहणार वरठी. बाईनं माह्यासमोर सही केली. बाईचं डोकं ठिकाणावर आहे. मले इथं कोणी पाठवलं नाही न कोणी शिकवलं नाही. पहिल्या एसटीनं आलो, आपल्या मनानं.