चार वाजून दहाचा फोन

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आधी कालच्या चुका दुरुस्त करते. काल लिहिलं की ऑफिसपासून माझ्या खोलीपर्यंत सत्तावीस पायऱ्या आहेत. आज पुन्हा मोजल्या. अठ्ठावीस आहेत. पहिली मोजायची राहून गेली, कारण बॅगा घेऊन मी तिच्यावर आधीच उभी होते. दुसरी चूक मोठी आहे. लिहिलं की ही नोकरी मला हुशारीवर मिळाली. खरं म्हणजे यादीत माझं नाव तिसरं होतं. वरचे दोघे आले नाहीत म्हणून मला बोलावणं आलं. निदान वहीत तरी खोटं नको.

बाकी सगळं छान आहे. खाली ऑफिस, मधल्या मजल्यावर सामान, वर माझी खोली, आणि माझ्या डोक्यावर गच्चीत कंपनीचा टॉवर. खिडकी मागच्या बाजूला, त्यामुळे रस्ता दिसत नाही, पण आवाजही येत नाही. टॉवरवर चढून दुरुस्ती करणाऱ्या काकांना सगळे सरडा म्हणतात. तेही हसत म्हणाले की सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माझी टॉवरपर्यंत, तू मात्र आता त्याच्याही वर जाशील पोरी.

आईला फोन केला. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे मी नक्की काय करते हे तिला कधीच कळलेलं नाही. बाबांनी मागून विचारलं की आता सगळ्यांचे फोन हीच लावून देणार का. मी हो म्हटलं. ते फार खूश झाले.

सोमवार, २० ऑक्टोबर

काम आवडतंय. नवा टॉवर उभारायचा नाही, नवी यंत्रं आणायची नाहीत. आहे त्याच टॉवरमधून, आहे त्याच वेळेत जास्त डेटा पाठवायचा. टॉवर सगळ्यांशी एकदम बोलत नाही. सेकंदाचे बारीक तुकडे करून तो एकेकाला वाटतो. जवळच्या फोनला एकदा सांगितलं की भागतं. लांबच्याला तेच सावकाश, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात.

आमच्या वेगाच्या आलेखात रोज एक खड्डा पडतो. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, अकरा मिनिटांसाठी. आज कारण सापडलं. टॉवरला प्रत्येक फोनचं अंतर टप्प्यांत कळतं. एक टप्पा साधारण ऐंशी मीटरचा. हा फोन एकसष्टाव्या टप्प्यावर आहे, जुन्या दगडखाणीच्या पलीकडच्या खोलगट भागात. तिथे सिग्नल कसाबसा पोचतो. तो एकटा अकरा मिनिटांत साठ फोनांचा वेळ खातो.

साहेब म्हणाले, साठ घोड्यांच्या गाडीला एक म्हातारा बैल जुंपला की गाडी बैलाच्याच चालीनं जाते. मग हळूच म्हणाले की बैल सोडता येतो.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सोडला. सिग्नलला एक किमान पातळी ठरवली. तिच्याखालच्या फोनला टॉवर जोडून घेणार नाही. चार वाजून दहा मिनिटांनी मी श्वास रोखून बसले होते. खड्डा पडला नाही. एकूण वेग अठरा टक्क्यांनी वाढला. साहेबांनी माझा आलेख भिंतीवर लावला आणि सगळ्यांना सांगितलं की हिच्याकडून शिका.

जेवताना उगाच शाळेतल्या बाई आठवल्या. मला पाढे येत नव्हते, घरी विचारायला कोणी नव्हतं. बाई माझ्यासाठी तीच ओळ चार चार वेळा म्हणायच्या. मागची मुलं कुजबुजायची की हिच्या एकटीच्या पायी सगळा वर्ग खोळंबतो. बाईंनीही एखादी पातळी ठरवली असती तर वर्गाचा निकाल नक्कीच चांगला लागला असता.

सोमवार, २७ ऑक्टोबर

तो फोन अजून प्रयत्न करतो. चार दहापासून पाचपर्यंत चाळीस विनंत्या, चाळीस नकार. नाकारलेल्या विनंतीत कुठे फोन लावायचा होता ते कळत नाही.

तक्रार आली आहे, परगावी राहणाऱ्या एका बाईंची. वडील खाणीपलीकडे एकटे राहतात. आई गेल्यापासून ते रोज चार वाजून दहाला तिला फोन करतात. तेवढंच त्यांचं बोलणं, दिवसभरात दुसरं माणूस भेटत नाही. शुक्रवारपासून फोन लागत नाही. काही बदललं आहे का, एवढंच तिनं विचारलंय. अगदी नम्रपणे.

उत्तर यादीतून निवडायचं असतं. ‘आम्ही तुम्हाला वगळलं’ असा पर्याय यादीत नाही. मी ‘क्षेत्राबाहेर’ निवडलं आणि तक्रार बंद केली. ते घर क्षेत्राबाहेर नाही, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

फोन चालायला लागला आहे. मंगळवारी अठ्ठावन्नावा टप्पा. काल एकोणपन्नास. तो चढ चढून सिग्नल शोधतोय. काल दोन मिनिटं माझ्या पातळीच्या वर आला, जोडला गेला, आणि आलेख पुन्हा कोसळला. साहेबांनी विचारलं की बैल परत आला का. सगळे हसले. मीही हसले.

मग मी त्या एका फोनचा क्रमांक बंदीच्या यादीत टाकला. चोरीचे फोन असतात ती यादी. आता तो टॉवरच्या पायाशी येऊन उभा राहिला तरी लागणार नाही. एकच ओळ होती. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

कोणाला सांगितलं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

काकांनी चहा पिताना सांगितलं. खाणीच्या वळणावर शनिवारी एक म्हातारा गेला. घडीच्या स्टुलावर बसलेला, निळ्या पट्ट्यांचं स्टूल, हातात फोन. लोकांना वाटलं दमून बसलाय, म्हणून काल दुपारपर्यंत कोणी हटकलंही नाही. रोज स्टूल काखेत मारून आदल्या दिवशीपेक्षा थोडं पुढे यायचा म्हणे. काका म्हणाले, कोणाशी तरी बोलायचं असेल बिचाऱ्याला.

मी नोंदी उघडून पाहिल्या. शनिवारी सहासष्ट विनंत्या. शेवटची पाच वाजून दोन मिनिटांनी. सतरावा टप्पा.

आईला फोन केला, पण तिला नुसतं एवढंच म्हटलं की कामात एक चूक झालीय. ती म्हणाली, चूक ताजी असतानाच सांगून टाकावी बाळा, शिळी झाली की घरभर वास सुटतो. मग म्हणाली की बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या नोकरीचं सांगतात.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चार वाजून दहा. एक विनंती. तोच क्रमांक. टप्पा सतरा.

काकांना विचारलं की त्या म्हाताऱ्याचा फोन कोणी घेतला का. ते म्हणाले, कोण घेणार, दगडावर पडून दोन तुकडे झालेत, मी डोळ्यांनी पाहिलेत.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सोळा.

यंत्राची चूक असेल. घड्याळ तपासलं, नोंदी तपासल्या, दुसऱ्या यंत्रावर पाहिलं. यंत्राची चूक नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

अकरा. रोज एक विनंती, रोज एक टप्पा कमी. रविवारीही.

आज काका टॉवरवरून उतरले आणि म्हणाले, सरकारनं गाड्या मोजायला माणूस बसवलाय वाटतं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला स्टूल टाकून बसतो, रोज जरा पुढे सरकतो, काय आरामाची नोकरी आहे. मी विचारलं, स्टूल कसलं. ते म्हणाले, एवढ्या वरून मला पट्टे दिसतात होय गं.

मग म्हणाले की निळं असावं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नऊ.

आज ठरवलंच होतं. बंदीची यादी फक्त ऑफिसच्या मोठ्या यंत्रावरून बदलता येते. जेवणाच्या सुट्टीत उघडली. ती ओळ निवडली. बोट बटणावर होतं. तेवढ्यात साहेब आले. म्हणाले, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी नऊला मोठे लोक आढावा घ्यायला येतायत. तुझा आलेख बघितला की तुला कायम करतील, घरी आत्ताच कळवून टाक.

मी यादी बंद केली. घरी कळवलं. बाबा फोनवर रडले.

तक्रार करणाऱ्या त्या बाईंना पत्र लिहिलं. तुमचे वडील क्षेत्राबाहेर नव्हते. मी — इथपर्यंतच. पुढची ओळ चार वेळा लिहून फाडली. शाळेतल्या बाई माझ्यासाठी म्हणायच्या तितक्याच वेळा.

रविवार, १६ नोव्हेंबर

पाच.

हिशेब केला. गुरुवारी एक, शुक्रवारी शून्य. शून्य म्हणजे या इमारतीत. शुक्रवारी नऊला आढावा, दहाला तो संपेल. दहा वाजता ओळ काढते, पत्र पाठवते, साहेबांना सगळं सांगते. चार दहाच्या आत सगळं होईल. वेळ पुरतो.

वेळ पुरतो असं लिहिताना मला माझीच लाज वाटली. मेलेल्या माणसाला मी अजून आढाव्यापर्यंत थांबवून ठेवतेय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

तीन. अंगात ताप. साहेब म्हणाले, वर जाऊन पड, शुक्रवारी मात्र ताजीतवानी हवीस.

लॅपटॉपवर नोंदी दिसतात. बदलता येत नाहीत. बरंच आहे ते — नाही, बरं नाही. खरं लिहायचं आहे. मला बरं वाटलं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दोन.

काका दारात येऊन औषध देऊन गेले. जाता जाता म्हणाले की तो गाड्या मोजणारा आज वरून दिसलाच नाही. गेला असेल, मी म्हटलं. ते म्हणाले, गेला नसेल, फार जवळ आला की गच्चीच्या कठड्याआड जातो ना माणूस.

गुरुवार, २० नोव्हेंबर

चार वाजून दहा. काही नाही.

चार अकरा. चार बारा. विनंती नाही. सतरा दिवसांत पहिल्यांदा नाही. मला हसू आलं, मग रडू. संपलं बहुतेक.

चार वीस

नाही. विनंती कोण करतं — ज्याला टॉवरची गरज आहे तो. जो येऊन पोचला, तो कशाला करेल.

आज एक यायला हवा होता. मी एकेक टप्पाच मोजत बसले. शून्य म्हणजे माझं दार असं धरून चालले. शून्य तर दारापासून ऐंशी मीटर आधीच सुरू होतं —

चार सव्वीस

जिन्यावर आवाज. पावलांचा नाही. रबरी पायांचं काहीतरी पायरीवर टेकवल्याचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. दम घेतल्यासारखं. मग उचलून पुढच्या पायरीवर. टक्.

काकांना हाक मारली. ऑफिसात हसण्याचा आवाज येतोय, म्हणजे सगळे आहेत. कोणाला काही ऐकू गेलेलं दिसत नाही. जिना एकच आहे. खालचं यंत्र त्याच्या पलीकडे —

चार चाळीस

चौदा. सामानाच्या मजल्यावर बराच वेळ थांबला. मी मोजतेय. मोजल्यावाचून राहवत नाही.

पत्र पुरं केलं. मी तुमच्या वडिलांना वगळलं. ते क्षेत्रात होते. बटण माझ्या हाताखाली होतं. सही केली. पाठवायला खाली जावं लागेल.

दार उघडून सांगावं का? आजोबा म्हणावं? काय म्हणावं? त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही. त्यांना फक्त फोन लावून हवाय. मी बाबांना हो म्हटलं होतं, सगळ्यांचे फोन मीच —

चार त्रेपन्न

पंचवीस. सव्वीस.

माझा फोन टेबलावर आहे. सिग्नल नाही. टॉवर माझ्या डोक्यावर आहे आणि पडद्यावर क्षेत्राबाहेर —

सत्तावीस.

एक उरली. नाही, उरली नाही. पहिली मी मोजतच नाही, तिच्यावर तो आधीच उभा होता —

उघडते. आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला नाही म्हणता येणार नाही. ओळ मी काढणार. मीच. आढाव्याआधी — नाही, आढावा झाल्यावर लगेच. उद्या. शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता मी ती ओ