पान ६१ वरची तिचाकी

३ ऑगस्ट, रविवार

पुण्याहून पुस्तकाची कच्ची पानं आली. जुन्या मोटारींचे फोटो, गुळगुळीत कागदावर छापायचेत. पान ६१: लातूरच्या डाळ मिलच्या फाटकापुढं उभी तिचाकी कार, बाजूला फेटेवाले मिलमालक. खाली ओळ: "इंग्लंडची तिचाकी, साधारण १९५४. ओळख पटवली: दत्ता भिसे, नांदेड."

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

नववी नापास. तीस वर्षं झाली ऑटोरिक्षा खोलून दुरुस्त करून राहिलो. परदेशी तिचाक्यांची मॅन्युअलं मांडीवर शब्दकोश घेऊन वाचली. वहीत आजवर २१२ फोटो ओळखले, एकही चूक निघाली नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे पुणेकर मला 'रिक्षावाले एक्स्पर्ट' म्हणतात. म्हणा आता, पान ६१ उघडून.

सौ.नं माझ्या तिन्ही बहिणींना फोन लावले. "वन्सं, तुमच्या भावाचं नाव पुस्तकात आलंय. शाळेच्या पुस्तकात ते घुसले न्हाईत कधी, पण ह्यात घुसले."

७ ऑगस्ट, गुरुवार

वहीतली २१२ वी नोंद काढून बघितली. उगीच. माझा नियम: तीन खुणा जुळल्याशिवाय गाडीला नाव द्यायचं नाही. इथल्या खुणा: (१) पुढं एकच चाक. (२) दोन दारं, ठेंगणी बॉडी. (३) नाकावर चकाकती जाळी, मधे फुगीर, वर टोकदार.

पहिल्या दोन खुणा दहा गाड्यांना बसतात. खरी खूण तिसरी. तिच्यावरच नाव दिलं.

जाळीचं टोक जरा उंच वाटतं. स्कॅन धूसर आहे.

जुळते. ठीक आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. लोहा

पोळा. धाकट्या भावाकडं. बैलजोडी विकून दोन वर्षं झाली, पण सण सोडत नाही. ट्रॅक्टर धुतला, झेंडूचा हार घातला, पुरणपोळीचा घास बॉनेटला टेकवला. आणि आमच्या ढवळ्याचं जुनं बाशिंग काढून ट्रॅक्टरच्या नाकावर बांधलं. मला हसू आलं.

"हसतो काय दादा? वर्सभर ह्योच राबतो. बैल काय अन् ह्यो काय."

तेवढ्यात ऊन बेगडीवर पडलं. मधे फुगीर, वर टोकदार. चकाकतंय.

हातातली पोळी तशीच राहिली.

पुण्याच्या माणसानं बाशिंगाला जाळी म्हटलं तर समजू शकतो. पण मी? दहा वर्षांचा असल्यापासून ढवळ्याच्या आधीच्या बैलांना असलंच बाशिंग मीच बांधत होतो. दोऱ्याची गाठ कुठं मारायची ते बोटांना पाठ आहे. आणि फोटोत दिसलं तर म्हणे इंग्लंडची जाळी! मॅन्युअलं वाचून वाचून डोळे विलायती झाले.

भाऊ: "काय रे, भूत पाह्यलं का?"

"चूक पाह्यली. माझीच."

२३ ऑगस्ट, शनिवार

संपादक अभ्यंकरांना फोन. ओळख चुकली, ओळ काढा.

"भिसे, पानं लागलीयेत. आणि बाशिंग, गाडीला? कशावरून?"

"माझ्या भावानं काल ट्रॅक्टरला बांधलं."

"तुमच्या भावानं काल बांधलं म्हणून लातूरच्या मालकानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी बांधलं, असं?"

बरोबर बोलला. म्हणूनच जास्त चीड आली. मूळ फोटो बघावा लागेल. तो मिलमालकांच्या मुलीकडं आहे, लातूरला. सुलभाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनीच स्कॅन पाठवला होता.

सौ.: "आता वन्संना परत फोन लावू का? छापू द्या की. कोण तपासाया जातंय?"

"मी जातो."

३० ऑगस्ट, शनिवार. लातूर

सकाळची एसटी. सुलभाताईंचं घर शिकवणीवाल्यांच्या गल्लीत, चहूकडं पोरांच्या सायकली. फोटो बैठकीत, चौकटीत. शेजारीच पान ६१ ची झेरॉक्सही चौकटीत! माझं नाव भिंतीवर. क्षणभर वाटलं, चहा पिऊन निघून जावं.

सांगितलं.

"आमच्या वडिलांनी, अण्णांनी, गाडी इंग्लंडहून बोटीनं आणली, हे सगळ्या लातूरला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या. "तुम्ही तसं लिहूनही दिलंत. नातीनं अमेरिकेत चार लोकांना दाखवलं. आता तुम्ही फिरवताय?"

"फिरवतोय. चुकलो होतो."

"मग आज बरोबर आहात कशावरून?"

शिक्षिका. प्रश्न नेमका.

चौकट उघडू द्या म्हटलं. काच फुटेल, म्हणाल्या. म्हटलं ताई, माझ्या हातून स्क्रू निसटला तर मी परत एसटीत बसणार नाही, चालत जाईन नांदेडला. तेव्हा हसल्या. मागचे खिळे काढले. आतल्या पुठ्ठ्यानं फोटोची डावी कड दोन बोटं झाकली होती. स्कॅन चौकटीसकटच काढलेला, म्हणून इतके दिवस कुणाला दिसलं नाही.

पुठ्ठ्याखाली: बैलाचं अर्धं तोंड. शिंगाला गोंडा. कपाळावर बाशिंग, गाडीच्या नाकावर आहे अगदी तसंच. जोडीतलं एक बैलाला, एक गाडीला.

भिंग लावलं. बाशिंगाचे दोरे दिव्याच्या दांडीला बांधलेले. मागं जाळीबिळी काही नाही, सपाट पत्रा. पत्रे जोडणारी रिबिटं हातानं ठोकलेली, अंतर कमीजास्त. दाराला कपाटाच्या बिजागऱ्या. ही बॉडी कुठल्या कारखान्यातली नाही.

बैलाची दोरी धरून अर्ध्या बाह्यांचा एक माणूस.

"हा गोविंद मिस्त्री," ताई हळू आवाजात. "मिलच्या चाळण्या हाच ठोकायचा." फोटो जवळ घेऊन पाहिला. मग: "म्हणजे अण्णा खोटं बोलले?"

"अण्णांचं मी कसं सांगू? मी फक्त गाडीचं सांगतो."

"गाडीचंही पुस्तकात घालू नका."

नमस्कार केला. दारापर्यंत आल्या नाहीत.

२ सप्टेंबर, मंगळवार

ताईंना आवडणार नाही, पण चूक पटवायला लातूरला मोबाइलवर काढलेले नवे फोटो अभ्यंकरांना पाठवले, कोण कोण उभं आहे ते लिहून. पाच मिनिटांत फोन. इतका खूश माणूस मी आजवर ऐकला नाही.

"भिसे, हे तर पहिल्यापेक्षा भारी! लातूरच्या पत्रेवाल्यानं स्वतः घडवलेली कार! गोविंद मिस्त्रीचं नाव, खाली तुमचं. दोन पानं देतो."

मला हेच खरं असायला हवंय. शाळा न शिकलेला माणूस, हातात हातोडी, समोर मालकाची हौस. असंच झालं असणार, असं मन ओरडून सांगतंय. मन जेव्हा इतकं ओरडतं तेव्हा मला वही आठवते. जाळीच्या वेळीही ते असंच ओरडलं होतं.

हातात काय आहे? बॉडी हातानं केलेली. बस. हात कुणाचा, माहीत नाही. खालचा सांगाडा कशाचा, माहीत नाही. बैलाची दोरी धरली म्हणून गाडीही त्यानंच केली असं होत नाही.

"नाही," म्हटलं.

"'बहुधा' घालू."

"'बहुधा' नको. लिहा: 'ओळख पटलेली नाही. आधी दिलेली ओळख चुकीची होती. दत्ता भिसे.'"

"स्वतःची चूक कुणी छापून घेतं का हो?"

"माझी आहे. मी घेतो."

"भिसे, बुधवारी, दहा तारखेला, दुपारी बारा वाजता पुस्तक छपाईला जातं. तोवर गोविंदच्या नावाला होकार द्या. नाहीतर पान ६१ च काढतो. तुमच्या नावासकट."

३ सप्टेंबर, बुधवार

दुसऱ्या कुणी टाकण्याआधी मीच ग्रुपवर टाकलं. २१२ वी ओळख चूक, कारण अमुक. सोबत बैलाचा फोटो.

"रिक्षा पंक्चर!" हसरे चेहरे अठ्ठावीस.

लिहिलं: "होय, पंक्चर. शोधलंही मीच, काढलंही मीच. फोटो वर्षभर इथं पडून होता. तुमच्यातल्या एकाला तरी बाशिंग दिसलं का?"

एकानं अंगठा दाखवला, मग काढून घेतला.

सौ. मागून वाचत होती. "लई केलं. जेवा आता." ताटात भाजी नेहमीपेक्षा जास्त.

७ सप्टेंबर, रविवार

सुलभाताईंचा फोन. नातीला सगळं सांगितलं म्हणे. नात म्हणाली, आजी, पणजोबांनी गाडीला बाशिंग बांधलं हे बोटीपेक्षा भारी आहे. "आठवडाभर मी रडले आणि तिला ते भारी वाटलं," ताई म्हणाल्या. आवाजात राग होता, पण माझ्यावर नव्हता.

मग कामाचं. गोविंदचं घर नंतर बिलोलीकडं, तेलंगणाच्या सीमेवर गेलं. सून आहे अजून. ताईंनी चार ठिकाणी विचारून नंबर मिळवला. सून म्हणाली, सासऱ्यानं कसल्यातरी मोटारीचं पत्र्याचं दार आणलं होतं, गोठ्यात पडलंय.

"दारानं काही सिद्ध होणार नाही ताई. कुणीही आणलं असेल."

"ठाऊक आहे. म्हणून मिलमधून त्याच्या हातची एक चाळणी काढून ठेवलीय. रिबिटं ताडून बघू. मी येतेय. बुधवारी."

बुधवारी बारा वाजता काय आहे, ते मी ताईंना सांगितलं नाही.

१० सप्टेंबर, बुधवार. बिलोलीजवळ

हे गोठ्याच्या ओट्यावर बसून लिहितोय. पावणेबारा.

गोविंदची सून सत्तरीची. बोलण्यात तेलुगू मिसळलेलं. ताईंना ओळखलं नाही, चाळणीला ओळखलं. हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला. "ह्ये आमच्या मामंजींचंच हाय."

"दारही त्यांच्याच हातचं का?" मी.

"त्ये म्या कसं सांगू बापू? आणलं तवा म्या नवी नवरी. सासऱ्याला इचारायची सोय होती व्हय?"

या बाईला ग्रुपवर घ्यायला पाहिजे.

अभ्यंकरांचा फोन आला. "काय ठरलं? मशीन थांबवून ठेवलंय."

"गोविंदनं आणलेलं एक दार इथं गोठ्यात आहे, ते अजून बघितलं नाही."

"पण ते तिथं आहे ना? मग 'हो' म्हणा की! एका शब्दाचं काम आहे."

"नाही."

"पान जाईल, भिसे."

"जाऊ द्या."

फोन ठेवला. पुस्तकात नाव आता नाही. बहिणींना मीच सांगेन.

दार भिंतीला टेकवलेलं, त्याच्यापुढं छातीइतक्या गोवऱ्या रचलेल्या. वरची फक्त वीतभर पत्र्याची कड दिसते. तिच्यावर तीन रिबिटं. तीन रिबिटांवरून काही म्हणता येत नाही.

सुलभाताईंनी पदर खोचलाय, गोवऱ्या उतरवून राहिल्या. "भिसे, लिहीत काय बसलात? या इकडं."

वही ठेवतो.