कपारीतली ऊब

३ एप्रिल
पोहोचलो बेटावर एकदाच्या! बोटीत भिंगरीला सारखं मळमळत होतं आणि उतरल्या उतरल्या भूक लागली म्हणून बाईसाहेबांनी भोकाड पसरलं. लेक माझी सहा वर्षांची, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. निघताना सासूबाईंनी तोंड वाकडं करून ऐकवलंच, की असल्या आडजागी पोर सांभाळणं माझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि तसं झालं तर पोर त्या कायमची ठेवून घेतील. बघतेच मी! खोली छोटीशी आहे. खिडकी थेट कड्याकडे उघडते, विजेचा सॉकेट मात्र एकच. राखणदारकाका भला माणूस. पाय अधू झालाय, म्हणून दोरावरून खाली पक्ष्यांच्या कपारींत उतरायचं काम माझ्याकडे.

६ एप्रिल
काम शिकले. हे समुद्रपक्षी घरटं बांधायचे कष्टच घेत नाहीत. उघड्या कपारीवर एकच अंडं घालायचं, पोटाखाली घ्यायचं आणि कड्याकडे तोंड करून बसायचं. कुरव पक्षी ती अंडी पळवायला टपलेले असतात. म्हणून आम्ही खरं अंडं उचलून खोलीतल्या उबवणीपेटीत आणतो आणि त्याच्या जागी रंगवलेलं लाकडी अंडं सरकवतो. पिल्लू बाहेर यायच्या बेतात आलं की खरं परत ठेवायचं. काकांनी दोनदा बजावलं, की काही झालं तरी पेटीचा प्लग काढायचा नाही. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

पक्षिणी लाकडाला इतक्या मायेनं कुशीत घेतात, चोचीनं कूस बदलवतात, की हसूच येतं. ठार वेड्या!

१९ एप्रिल
हवा गारठलीय. भिंगरीला थंड पाण्यानं कशी घालू आंघोळ? पेटीचा प्लग काढून हीटर लावला. मग तिला शिंपले वेचायला जायचं होतं. परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि प्लग तसाच जमिनीवर पडलेला. अंडी दगडासारखी गार.

२० एप्रिल
सगळी समुद्रात टाकली. उरलेली लाकडी अंडी पेटीत मांडून ठेवली. काकांनी काचेतून पाहिलं आणि छान चाललंय म्हणाले. कळलं असतं तर नोकरी जाती, आणि पाठोपाठ भिंगरी. कड्यावरच्या बसतील मोसमभर लाकडावर, त्यांना काय कळतंय! आज दोरावर लटकून एकीला म्हटलंसुद्धा, अगं बये, लाकूड आहे ते, ऊठ. माझ्याकडे टक लावून बघत राहिली. हसून हसून पोट दुखलं माझं.

२ मे
पिल्लं बाहेर यायचे दिवस. काकांना सांगितलं, खरी अंडी परत ठेवून आले. पक्षिणी अंड्याला चोच लावून हळूहळू बोलतात, आतून उत्तर येतं म्हणे. दिवसभर चाललंय. खिडकी लावली तरी ऐकू येतं. भिंगरी म्हणाली, त्या बाळांना हाका मारतायत, बाळं उत्तर का देत नाहीत? दटावलं तिला. नंतर वाईट वाटलं.

५ मे
आज कडा गप्प. आणि सगळ्या वळून बसल्यायत. कड्याकडे पाठ. आमच्या खिडकीकडे तोंड. भिंगरीला बाहेर सोडलं नाही. पडदा ओढला.

६ मे
सकाळ झाली तरी भिंगरी उठेना. अंग गार. उचलायला गेले तर उचलवेना, इतकी जड. डोळे उघडे. सर्दी असेल, थंडी बाधली असेल. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. गालाचा रंग फडक्याला लागला. खाली शिरा. लाकडाच्या—
नाही.
दोन गोधड्या घातल्या. कुशीत घेतलं.

सकाळीच, पुन्हा
खालून रडण्याचा आवाज येतोय. कपारीतून. आई, आई करतोय. कुरव ओरडतात तसा. कुरवच असणार.

७ मे
काका दार ठोठावत होते. खिडकीतून ओरडून म्हणाले, की पोर खालच्या कपारीत आहे, जिवंत आहे, त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, दोर बांधून ठेवलाय, मी उतरले तरच— त्यांच्या पायानं जमणार नाही. रडत होते. म्हणाले, बाई, ते लाकूड आहे, ऊठ.
मी टक लावून बघत राहिले.
मला कळतंय. सगळं कळतंय. पण पाय खाली टाकला की ही पुन्हा गार पडते. आताच कुठे जरा—

दुपार
अर्ध्यापर्यंत उठले होते. दारापर्यंत— हिचा हात गार लागला. परत आले. कूस बदलली तिची.
खाली अजून आई— हळू आता.

८ मे
काका दोर घेऊन स्वतःच— धपकन काहीतरी— नंतर काका नाहीत.
कुरव खूप जमलेत खाली.
आवाज नाही. बरं झालं. हिची झोप मोडत होती.
सासूबाई, या, बघा, एक क्षण सोडलं नाही मी लेकीला. पोटाशी ऊब आलीय. आतून काहीतरी हलल्यासारखं— तोंड लावून हाक मारते. भिंगरे. ए भिंगरे. आता देईल उत्तर, आता—