लूनादेवीचा डावा घोडा

शिकागो, ६ एप्रिल १९८७

ती. सरलाअक्का,

आम्हा तिघांचे तुला आणि भाऊजींना नमस्कार. नागपूरच्या उन्हाने तुझं पित्त खवळलं नसेल अशी आशा आहे. (खवळलं असलं तरी तू कळवणार नाहीस, हेही माहीत आहे.) इथला बर्फ वितळून आता नुसता चिखल उरलाय.

उत्तरा शाळेत लॅटिन शिकते. जी भाषा आता कुणाच्याच घरात बोलत नाहीत ती आवडीने शिकते आणि मी घरात जी बोलतो तिला इंग्रजीत उत्तर देते. डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी घेताना मी मराठीत हाक मारली की पोरगी दहा पावलं पुढे निघून जाते. तर गेल्या मंगळवारी, एकतीस मार्चला, त्यांच्या वर्गाने रोमन दिवस केला. लूना ही रोमन लोकांची चंद्रदेवी. रोममध्ये एका टेकडीवर तिचं देऊळ होतं, त्याच्या उत्सवाचा हा दिवस. उत्तरा लूना झाली होती. तयारी चालू असतानाच मी म्हटलं होतं, "अगं, चंद्र देवी कसा? आपल्याकडे तो मामा आहे." त्यावर ती इंग्रजीत म्हणाली, की चंद्र एकच आहे, लोक त्याला आपापल्या घरचं करून घेतात. चौदा वर्षांची पोर! ऑफिसात दोन दिवस मी तेच घोळवत बसलो होतो. वीस वर्षांत इथलं आपण काय घरचं करून घेतलं, ते बर्फ उपसायच्या फावड्यापलीकडे आठवेना.

लूनेच्या रथाला दोन घोडे लागतात. उजवा आमचा दंतवैद्य मित्र अतुल, डावा मी. (नाव हेमचंद्र, आणि काम घोड्याचं!) रथ म्हणजे बागेतल्या ढकलगाडीवर बसवलेलं फ्रिजचं खोकं, रेखाने त्याला चंदेरी कागद चिकटवला होता. तालमीत सगळं सुरळीत झालं, पण शाळेच्या जिमची फरशी नेमकी पॉलिश केलेली. अतुल वळला, मी वळलो नाही. मी गुडघ्यावर आपटलो, खोकं फाटलं, उत्तराने वेळेवर उडी मारली. दोनशे पालक खुर्च्यांवरून उठून बघू लागले. कपाळावरची चंद्रकोर कानावर आलेली, तशीच ती धावत आली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुला लागलं का? खूप लागलं का?"

अक्का, तिच्या तोंडून 'बाबा' मी चार वर्षांनी ऐकलं. लोकांना ते लॅटिन वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. (लॅटिनच्या बाई तेवढ्या गोंधळून वही चाळत होत्या.) मग तिने कोर नीट केली आणि फाटक्या खोक्याशेजारी उभं राहून आपलं भाषण घडाघडा म्हटलं. मला अक्षरही कळलं नाही. मी पडल्यापडल्या रडत होतो, आणि लोकांना वाटलं, घोड्याला फारच लागलंय.

तुझा,
हेमू

ता. क. घोड्याला लागलंच होतं. गुडघा प्लास्टरमध्ये आहे. उत्तरा रोज चहा आणून देते आणि इंग्रजीतच विचारपूस करते. त्या दिवसानंतर मराठीचा एक शब्द नाही. तेव्हा वरचं वाचून हुरळून जाऊ नकोस. मी तेच करून बसलोय.

आणखी एक, आणि पत्र खरं यासाठीच. काल तिने विचारलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एकटीच आत्याकडे जाऊ का? मी म्हटलं, अक्काला विचारतो. जून ते ऑगस्ट ठेवून घेशील का? भाऊजी तिच्याशी कौतुकाने इंग्रजी बोलू लागतील, त्यांना आवर. ती दोन दिवस रुसेल, खोलीतून बाहेर येणार नाही. येऊ दे तिची ती. तिसऱ्या दिवशी भूक लागल्यावर स्वयंपाकघरात येऊन काय म्हणते, ते मला शब्दन्‌शब्द कळव.